घरगुती नेटवर्क स्टोरेज : जुनी पेटी बदलताना

शहरांतील अनेक घरांत राऊटरशेजारी एक लहानशी पेटी वर्षानुवर्षे अखंड चालू असते. घरातील सर्व संगणक आणि मोबाईल फोन तिच्याशी जोडलेले असतात. मुलांच्या जन्मापासूनची छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती, आजी-आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, घराच्या करारनाम्याच्या आणि प्राप्तिकराच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती असा सारा संग्रह तिच्यात असतो. या पेटीला नेटवर्क अ‍ॅटॅच्ड स्टोरेज, थोडक्यात 'नॅस', असे म्हणतात. ती बिनबोभाट काम करते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मात्र आठ-दहा वर्षे चाललेल्या पेटीतील एखाद्या डिस्कचा लाल दिवा लागला, की काय विकत घ्यावे, किती घ्यावे आणि जुन्यातून नव्यात संग्रह कसा न्यावा, हे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. घाईत घेतलेला निर्णय अशा वेळी संग्रहाच्या मुळावर येऊ शकतो.

रेडचा मूळ हेतू

दोन किंवा अधिक डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीला 'रेड' म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झाले. मोठ्या संगणकांसाठी एकच महागडी डिस्क वापरण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यांतील एखादी बिघडली तरी काम थांबू नये, अशी ती कल्पना होती. काम न थांबणे हे रेडचे खरे उद्दिष्ट आहे. बँकेचा संगणक तासभर बंद पडला तर व्यवहार ठप्प होतात, म्हणून तेथे ही अखंडता अमोल ठरते.

घराची गरज निराळी असते. सहलीचे छायाचित्र आज उघडले नाही आणि परवा उघडले, तर काही बिघडत नाही. ते कायमचे गेले, तर मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. चुकून पुसलेली फाईल रेडमधील सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विजेचा दाब अचानक वाढला, पेटी चोरीला गेली, घरात पाणी शिरले किंवा संगणकातील रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर एकाच पेटीतील दोन डिस्क काय आणि चार डिस्क काय, सर्वांची गत एकच. त्यामुळे रेड म्हणजे बॅकअप नव्हे, ही गोष्ट खरेदीपूर्वीच ध्यानात घेणे आवश्यक आहे. घरगुती मांडणीचा सारा विचार या एका वाक्यावर उभा राहतो.

डिस्कचे वय

हार्ड डिस्क हे फिरत्या तबकड्यांचे यंत्र आहे आणि प्रत्येक यंत्राप्रमाणे तेही झिजते. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत बिघाडांमधील सरासरी काळ दहा ते पंधरा लाख तास असा दिलेला असे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. माहितीपत्रकांनुसार वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात हे प्रमाण सर्वसाधारणपणे २ ते ४ टक्के होते आणि काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. ऑनलाइन बॅकअपची सेवा देणारी बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडांचे आकडे प्रसिद्ध करीत आहे. २०२४ या वर्षासाठी तिने नोंदविलेले वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होते.

डिस्क बिघडण्यापूर्वी सूचना देते का, या प्रश्नाचे उत्तर 'कधी कधी' असे आहे. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते. गुगलच्या तिघा अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसले. परंतु निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख निदर्शकांपैकी एकाही निदर्शकातून पूर्वसूचना दिलेली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यावा. मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

पेटीच्या व्यवस्थापन पानावर या नोंदी पाहता येतात. त्यांतील ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींकडे बॅकब्लेझचे तंत्रज्ञ विशेष लक्ष देतात. बदललेले सेक्टर, दुरुस्त न झालेल्या चुका, वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञा, बदलाच्या प्रतीक्षेतील सेक्टर आणि दुरुस्तीपलीकडचे सेक्टर असा त्यांचा अनुक्रमे अर्थ आहे. या नोंदींमध्ये शून्याखेरीज आकडा दिसू लागला आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे.

पेटीचे वय

डिस्क बदलली की पेटी नवी झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः पेटीला स्वतःचे असे वेगळे वय असते आणि ते तिच्या सॉफ्टवेअरवरून मोजावे लागते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या माय बुक लाइव्ह या पेट्यांचे उदाहरण बोलके आहे. २०१५ नंतर त्यांच्यासाठी सुरक्षा सुधारणा येणे थांबले होते. तरीही त्या अनेक घरांत इंटरनेटला जोडलेल्या अवस्थेत चालू राहिल्या. जून २०२१ मध्ये जगभरातील अनेक ग्राहकांच्या पेट्या दूरवरून कोऱ्या करण्यात आल्या. डिस्क ठणठणीत होत्या, पण त्यांवरील संग्रह गेला. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवरून थेट पोहोचता येणाऱ्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांवर हल्ला चढविला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली.

जुनेपणाची आणखी काही लक्षणे आहेत. फार जुन्या पेट्या फायलींची देवाणघेवाण एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीनेच करू शकतात. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्यात याच आवृत्तीतील त्रुटीचा वापर झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या संगणकांवर ही सोय आपोआप बसविणे थांबविले. नवा लॅपटॉप आणल्यावर जुनी पेटी त्याला दिसेनाशी होते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. ३२ बिट प्रोसेसर असलेल्या बऱ्याच पेट्यांत एका खंडाची मर्यादा १६ टीबी आहे, तर त्याहून जुन्या काही पेट्या २ टीबीहून मोठी डिस्क ओळखतच नाहीत. तेव्हा महागड्या डिस्क घेण्यापूर्वी पेटीला उत्पादकाकडून सुधारणा अजून मिळतात का, हे आधी पाहावे. मिळत नसतील, तर नव्या डिस्क जुन्या पेटीत घालणे म्हणजे मोडकळीला आलेल्या वाड्याला नवे दरवाजे बसविण्यासारखे आहे.

सर्वांत धोक्याचे तास

बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी डिस्क बसविली, की उरलेल्या डिस्क वाचून पेटी तिच्यावरील मजकूर पुन्हा तयार करते. या फेरउभारणीला रिबिल्ड म्हणतात. रेडची परीक्षा याच काळात होते. प्रत्येकी ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ पद्धतीने बांधल्या असतील, तर एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, म्हणजे एकूण २४ टीबी, वाचाव्या लागतात. सेकंदाला सरासरी १५० एमबी या वेगाने नवी डिस्क भरण्यास किमान पंधरा तास लागतात. पेटी इतर कामातही गुंतलेली असेल, तर दोन-तीन दिवसही जातात. या काळात दुसरी डिस्क गेली, तर सर्वच गेले.

उरलेल्या डिस्क बहुधा बिघडलेल्या डिस्कच्याच वयाच्या असतात. त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून, कित्येकदा एकाच उत्पादन गटातील घेतलेल्या असतात. वर्षानुवर्षे जे कोपरे वाचले गेलेले नाहीत, तेही या वेळी वाचावे लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १०० लाख कोटी बिट वाचनामागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक, अशी मर्यादा दिलेली असते. हे वाचन १२.५ टीबी इतके होते. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेहून पुष्कळ चांगल्या वागतात. तरीही २४ टीबींच्या वाचनात अशी चूक होणारच नाही, अशी हमी उत्पादक देत नाही.

यावरून एक नियम निघतो. लाल दिवा लागताच नवी डिस्क बसविण्याची घाई करू नये. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नाही, अशा महत्त्वाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मगच फेरउभारणीला हात घालावा.

कोणती मांडणी घ्यावी?

रेड ० मध्ये दोन्ही डिस्कची पूर्ण जागा मिळते, परंतु एक गेली की दोन्हींवरील मजकूर जातो. घरच्या संग्रहासाठी ही पद्धत वर्ज्य मानावी. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो. ८ टीबीच्या दोन डिस्कमध्ये जागा ८ टीबीच मिळते, मात्र फेरउभारणीसाठी एकच डिस्क वाचावी लागते आणि गुंतागुंत सर्वांत कमी असते. रेड ५ मध्ये चारपैकी तीन डिस्कची जागा मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये चारपैकी दोन डिस्कची जागा मिळते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी मजकूर शाबूत राहतो. सायनॉलॉजी कंपनीची हायब्रीड रेड ही पद्धत वेगवेगळ्या आकारांच्या डिस्कमधील जागाही उपयोगात आणते. त्यामुळे टप्प्याटप्प्याने डिस्क बदलणाऱ्यांना ती सोयीची पडते.

आता ८ टीबीच्या चार डिस्क घेण्याइतकी रक्कम हाताशी आहे, असे समजू. त्या चारही पेटीत घालून रेड ५ बांधले, तर २४ टीबी जागा मिळते, पण सर्व संग्रह एकाच पेटीच्या भरवशावर राहतो. त्याच चार डिस्कपैकी दोन पेटीत रेड १ पद्धतीने बसविल्या, तिसरी बाहेरच्या डबीत घालून दर आठवड्याच्या प्रतीसाठी वापरली आणि चौथीवर प्रत उतरवून ती नातेवाइकांच्या घरी ठेवली, तर जागा ८ टीबीच मिळते. परंतु डिस्कचा बिघाड, चुकून पुसलेली फाईल, चोरी, आग आणि रॅन्समवेअर या साऱ्यांतून संग्रह वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. ज्या घराचा संग्रह ८ टीबीमध्ये मावतो, त्याने दुसरा मार्ग स्वीकारावा. व्यावसायिक छायाचित्रकार किंवा चित्रफितींचे संकलक यांना याहून अधिक जागा लागते. त्यांनी चार ते सहा खणांची पेटी आणि रेड ६ यांचा विचार करावा. मात्र त्यांनाही बाहेरची प्रत चुकत नाही.

तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आजही कसोटीला उतरतो. मुंबईकरांना त्यातील तिसऱ्या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवरील घरांत शिरलेल्या पाण्याने कपाटातील अल्बम आणि टेबलाखालचा संगणक असा भेद केला नाही. एकाच घरात ठेवलेल्या तीन प्रती अशा दिवशी एकाच प्रतीसारख्या ठरतात.

घराबाहेरची प्रत इंटरनेटवरील साठवण सेवेतही ठेवता येते. फायली पाठविण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट असेल, तर ४ टीबी मजकूर चढविण्यास अखंड सव्वानऊ दिवस लागतात, हे गणित आधी मांडावे. मजकूर कूटबद्ध करूनच पाठवावा आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरातील किमान दोन व्यक्तींना ठाऊक राहील, अशी व्यवस्था करावी. पासवर्ड एकट्यालाच ठाऊक असेल, तर त्याच्या पश्चात ती प्रत कुटुंबाच्या हाती लागत नाही.

डिस्क निवडताना

डिस्कवर मजकूर लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. सीएमआर पद्धतीत मजकुराच्या रेघा एकमेकींपासून सुट्या असतात. एसएमआर पद्धतीत त्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढविलेल्या असतात. त्यामुळे कमी तबकडीत जास्त मजकूर मावतो, परंतु मधले एक कौल बदलायचे तर शेजारची कौलेही काढावी लागतात. फेरउभारणीसारख्या सलग लेखनात अशा डिस्क फार मंदावतात. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. ग्राहकांच्या नाराजीनंतर कंपनीने दोन्ही पद्धतींच्या डिस्क निरनिराळ्या नावांनी विकण्यास सुरुवात केली. डिस्क घेताना माहितीपत्रकात सीएमआर हा शब्द शोधावा आणि तो न आढळल्यास विक्रेत्याला विचारावे.

नॅससाठीच्या डिस्क आणि साध्या संगणकाच्या डिस्क यांत आणखी एक फरक असतो. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर साधी डिस्क बराच वेळ प्रयत्न करीत राहते आणि पेटी तिला मृत समजून बाजूला काढू शकते. नॅसची डिस्क काही सेकंदांतच माघार घेऊन दुरुस्तीचे काम पेटीवर सोपविते. सामान्य श्रेणीच्या नॅस डिस्कना बहुधा तीन वर्षांची आणि वरच्या श्रेणीला पाच वर्षांची हमी मिळते.

डिस्क खरोखर नवी आहे का, हेही तपासावे. डेटा सेंटरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेट कंपनीच्या डिस्क तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे २०२५ च्या प्रारंभी जर्मनीतील माध्यमांनी उघडकीस आणले. आपण त्या डिस्क विक्रेत्यांना पुरविल्या नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले. पावती घ्यावी, अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून हमीची तारीख पाहावी आणि संग्रह उतरविण्यापूर्वी डिस्कची पूर्ण तपासणी चालवावी.

पेटी निवडतानाही एक खबरदारी घ्यावी. सायनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या त्या वर्षीच्या प्लस मालिकेतील पेट्यांसाठी कंपनीने प्रमाणित केलेल्या डिस्कची अट घातली. टीका झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या डीएसएम ७.३ या आवृत्तीत टेबलावरील पेट्यांपुरती ही अट हार्ड डिस्कच्या बाबतीत शिथिल करण्यात आली. कोणत्याही कंपनीची पेटी घ्यावयाची असली, तरी तिला कोणत्या डिस्क चालतात आणि सुधारणा किती वर्षे मिळणार, या दोन गोष्टी पैसे मोजण्यापूर्वी पाहाव्यात.

खोक्यावरील ८ टीबी विंडोजमध्ये सुमारे ७.३ टीबी दिसतात, यात फसवणूक नाही. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. एसएसडी घेण्याचा मोहही तपासून पाहावा. घरातील एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मजकूर जातो आणि आजची एक हार्ड डिस्कही सलग वाचनात तो वेग सहज गाठते. शांतता, कमी वीज आणि अनेक छोट्या फायलींची हाताळणी हे एसएसडीचे गुण आहेत. मात्र बंद कपाटात वर्षानुवर्षे विजेविना ठेवण्याच्या प्रतीसाठी ती योग्य नाही.

स्थलांतराचा क्रम

जुन्या पेटीतील सर्व मजकूर प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. उतरविलेल्या फायलींची संख्या, एकूण आकार आणि शक्य असल्यास चेकसम पडताळावे. निदान वीस-पंचवीस छायाचित्रे आणि चित्रफिती प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. त्यानंतर नवी पेटी तपासलेल्या डिस्कसह उभी करावी. जुन्या पेटीतील डिस्क काढून थेट नव्या पेटीत घालण्याचा प्रयोग प्रत असल्याखेरीज करू नये. एकाच कंपनीच्या काही पेट्यांत तो यशस्वी होतो, पण कंपनी बदलल्यास नवी पेटी डिस्क पुसण्याची परवानगी मागते आणि एका चुकीच्या होकारात सर्व संपते. नेटवर्कवरून ४ टीबी मजकूर हलविण्यास सुमारे दहा तास लागतात. हे काम वायफायऐवजी केबलने करावे.

नव्या पेटीला यूपीएस जोडावा आणि वीज गेल्यावर पेटी स्वतःहून व्यवस्थित बंद होईल, अशी यूएसबीची जोडणीही करून घ्यावी. सरासरी २० वॅट वीज घेणारी पेटी वर्षभर चालू राहिली, तर सुमारे १७५ युनिट जळतात, हेही हिशेबात धरावे. राऊटरमधून पेटीकडे थेट येणारे इंटरनेटचे मार्ग बंद ठेवावेत. पेटीत स्नॅपशॉटची सोय असेल, तर ती सुरू करावी. चुकून पुसलेल्या फायली त्यातून परत मिळू शकतात.

नवी व्यवस्था सुरू झाली म्हणून जुन्या डिस्क त्याच दिवशी पुसू नयेत. निदान दोन महिने त्या बाजूला ठेवाव्यात, कारण राहून गेलेला एखादा फोल्डर बहुधा याच काळात आठवतो. त्यानंतर त्या पूर्णपणे पुसून ई-कचरा संकलकाकडे द्याव्यात. बाहेरच्या प्रतीतून एखादी फाईल दर सहा महिन्यांनी परत आणून पाहण्याची तारीखही दिनदर्शिकेवर नोंदवावी. परत आणून न पाहिलेली प्रत प्रसंगी उपयोगी पडेलच, असे कोणीही सांगू शकत नाही.